भरती-ओहोटीपासून वीज: किती खरी, किती रीलमधली?

आजचा विषय आहे समुद्राच्या भरती-ओहोटीपासून तयार होणारी वीज. ती कशी बनते, भारतात कुठे बनू शकते आणि इतकी वर्षं चर्चा होऊनही अजून का बनत नाही, हे सगळं आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

सुरुवात मात्र समुद्रापासून लांब, आमच्या देवळ्यातून करतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मागच्या हिवाळ्यात वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो होतो. कांदा लागवड नुकतीच झालेली आणि त्या आठवड्यात शेतीच्या लाइटची रात्रपाळी होती. शेतीपंपांना दिवसा आणि रात्री अशी आलटून पालटून वीज मिळते, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. रात्री आप्पा स्वेटर, मफलर, बॅटरी घेऊन पाणी भरायला निघाले होते. तेवढ्यात बारावीतल्या चुलत भावानं मोबाईल पुढे केला. रीलमध्ये एक जण सांगत होता, "भारताच्या समुद्रात भरती-ओहोटीची १२ हजार मेगावॉट वीज फुकट पडून आहे!"

आप्पांनी ते ऐकलं आणि चपला घालता घालता म्हणाले, "एवढी लाइट समुद्रात पडून आहे, मग आपण बिबट्याच्या भीतीनं रात्री पाणी का भरायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मग पुढचे काही दिवस वाचन केलं, कागदावर हिशोब केला. त्यातून जे समजलं ते इथे मांडतोय.

आधी बेसिक: भरती येते कशी?

चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे भरती येते, एवढं शाळेत शिकलेलं असतं. थोडं नीट बघू. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे आहे तिथलं पाणी चंद्र जास्त जोरात ओढतो. विरुद्ध बाजूच्या पाण्यावर ही ओढ सगळ्यात कमी असते, त्यामुळे ते मागे राहतं. परिणामी दोन्ही बाजूंना पाण्याचा फुगवटा येतो. पृथ्वी फिरते तसा एखादा किनारा दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

सूर्यही पाणी ओढतो, पण चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी जास्त चढतं. ही उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. ही भांगाची भरती.

कॉलेजात असताना आम्ही मित्र अलिबागला गेलो होतो. तिथला कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे, पण ओहोटीला चक्क चालत जाता येतं. आम्ही बाईक लावून किनाऱ्यावर उभे, समोर पाणीच पाणी. एका काकांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" आम्हाला कुठे माहीत! त्यांनी सांगितलेला हिशोब मात्र कायम लक्षात राहिला: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, साधारण सहा वाजता भरती आणि बारा वाजता ओहोटी. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, नऊ वाजता ओहोटी. (हा ठोकताळा आहे. किल्ल्यात जायचं असेल तर अधिकृत वेळापत्रक बघूनच पाण्यात उतरा.)

किनाऱ्यावरच्या माणसांना घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगता येते, आणि भरतीच्या विजेचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट हाच आहे.

वारा सांगून येत नाही, भरती सांगून येते

सौरऊर्जेला ढग आडवे येतात. पवनचक्की वाऱ्यावर अवलंबून, आणि पुढच्या महिन्यात अमुक तारखेला दुपारी चार वाजता वारा किती असेल ते कोणीच सांगू शकत नाही. भरतीचं तसं नाही. पुढच्या वर्षीच्या कुठल्याही दिवशी मुंबईत पाणी किती वाजता आणि किती मीटर चढेल, ते आजच सांगता येतं. भारतात हे अंदाज भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याच्या पातळीची नोंद १८७८ पासून होत आली आहे. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी आधीच देते, तीही याच जोरावर.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना यातली एक गोष्ट आवडेल. चंद्राचा एक ताल १२.४२ तासांचा, सूर्याचा १२ तासांचा, शिवाय असे अनेक छोटे-मोठे ताल. हे सगळे वेगवेगळे काढायचे आणि पुन्हा बेरीज करायची, की पुढची भरती मिळते. आपण आज हे काम चार ओळींच्या कोडमध्ये करू. पण १८७२ च्या सुमारास लॉर्ड केल्विननी (तेव्हाचे विल्यम थॉमसन) कप्पी आणि दोऱ्या वापरून हीच बेरीज करणारं यंत्र बनवलं. हँडल फिरवलं की कागदावर भरतीचा आलेख उमटायचा. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचा हा कॉम्प्युटर!

ग्रीड चालवणाऱ्यांना अशी वीज हवीच असते. किती येणार आणि केव्हा येणार हे आधी माहीत असेल तर बाकीची केंद्रं त्यानुसार चालवता येतात. पण इथे एक मेख आहे. "केव्हा येणार" हे चंद्र ठरवतो, आपण नाही. आज संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांचे दिवे-पंखे चालू असताना वीज मिळाली, तर आठवड्याभरात तीच वेळ पहाटेकडे सरकलेली असते.

वीज बनते कशी? दोन पद्धती

पहिली पद्धत बंधाऱ्याची. खाडीच्या तोंडावर भिंत बांधायची आणि तिच्यात दरवाजे आणि टर्बाइन बसवायचे. भरती चढताना दरवाजे उघडे ठेवून पाणी आत घ्यायचं. भरती पूर्ण झाली की दरवाजे बंद. बाहेर समुद्र उतरत जातो, आत पाणी उंच राहतं. पुरेसा फरक पडला की आतलं पाणी टर्बाइनमधून सोडायचं. थोडक्यात, दिवसातून दोनदा आपोआप भरणारं धरण!

कोकणात निम्मी कल्पना पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. रायगडच्या खारभूमीत शेतात खारं पाणी घुसू नये म्हणून बांध घालतात आणि बांधाला 'उघाडी' ठेवतात. भरतीला तिची झडप बंद होते, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. इथे हेतू शेत वाचवण्याचा असतो, तिथे टर्बाइन फिरवण्याचा.

दुसरी पद्धत प्रवाहाची. भिंत वगैरे काही नाही. चिंचोळ्या जागेतून भरतीचं पाणी जोरात वाहतं, तिथे समुद्राच्या तळाशी पवनचक्कीसारखं पातं असलेलं टर्बाइन बसवायचं. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड असल्यामुळे छोटं पातंही बरीच ताकद पकडतं.

एक गोंधळ इथेच दूर करू. लाटांपासूनची वीज ही वेगळी गोष्ट आहे. लाटा वाऱ्यामुळे येतात, भरती चंद्र-सूर्यामुळे. केरळमध्ये विळिंजम इथे १९९१ मध्ये १५० किलोवॉटचा प्रयोग झाला होता, तो लाटांचा होता. रीलमध्ये हमखास लाटांचे व्हिडिओ दाखवून भरतीचे आकडे सांगतात.

जगात कुठे चालू आहे?

फ्रान्समधलं ला रांस हे सगळ्यात प्रसिद्ध केंद्र. १९६६ मध्ये सुरू झालं आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. क्षमता २४० मेगावॉट, १० मेगावॉटचे २४ टर्बाइन. तिथे भरती-ओहोटीतला सरासरी फरक ८ मीटर, म्हणजे जवळजवळ तीन मजली इमारतीएवढा. बंधारा फक्त ७५० मीटर लांब आणि त्यामागे सुमारे २२ चौरस किलोमीटर पाणी. छोटी भिंत, मोठं तळं. अशी जागा म्हणजे लॉटरीच.

दुसरं दक्षिण कोरियातलं सिह्वा, २५४ मेगावॉट, २०११ पासून. त्याची गोष्ट मजेशीर आहे. तिथे समुद्रभिंत १९९४ मध्येच बांधून झाली होती, गोड्या पाण्याचं तळं करायला. पण कारखान्यांच्या सांडपाण्यानं तळं सडलं. शेवटी समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळवायचं ठरलं आणि त्या भिंतीतच टर्बाइन बसवले. वीज मिळाली, पाणीही सुधारलं. भिंतीचा मोठा खर्च मात्र आधीच झालेला होता, हे विसरू नका.

जगातली भरतीची बहुतांश क्षमता या दोनच केंद्रांत आहे. प्रवाहाच्या पद्धतीत स्कॉटलंडचा मेजेन प्रकल्प नावाजलेला आहे. तिथे दीड मेगावॉटचे चार टर्बाइन, म्हणजे सगळे मिळून ६ मेगावॉट. तंत्रज्ञान चालतं हे सिद्ध झालंय, पण आकार बघा.

मेगावॉट आणि युनिट यात फसू नका

"२४० मेगावॉट" ही क्षमता झाली. गाडीचा टॉप स्पीड १६० असतो म्हणून आपण देवळा ते नाशिक १६० नं जात नाही. ला रांस वर्षभर पूर्ण क्षमतेनं चाललं तर सुमारे २१० कोटी युनिट वीज मिळाली असती. प्रत्यक्षात मिळते साधारण ५० कोटी, म्हणजे चौथा हिस्सा. कारण उघड आहे: पाणी भरताना थांबायचं, पातळीत फरक पडेपर्यंत थांबायचं, आणि भांगाच्या दिवसांत फरकच कमी.

आता आपला हिशोब: कोकणात का नाही?

महाराष्ट्राला ७०० किलोमीटरपेक्षा लांब किनारा आहे, खाड्याही भरपूर. मग अडचण काय?

अडचण एका वर्गात लपली आहे, गणितातल्या वर्गात. बंधाऱ्यामागच्या पाण्यातली ऊर्जा भरती-ओहोटीतल्या फरकाच्या वर्गावर अवलंबून असते. फरक दुप्पट, तर ऊर्जा चौपट. फरक निम्मा, तर ऊर्जा पाव. कारण सोपं आहे: फरक वाढला की पाणीही जास्त साठतं आणि ते जास्त उंचीवरून पडतं.

मुंबईत हा फरक उधाणाला साधारण साडेतीन मीटर आणि भांगाला जेमतेम दीड मीटर असतो. सरासरी अडीच धरू. खंभातच्या आखातात सरासरी फरक ६.७७ मीटर आहे.

आता एक चौरस किलोमीटरचं तळं घ्या आणि दिवसाच्या दोन ओहोट्यांचा हिशोब करा. सगळी ऊर्जा हाती लागत नाही. ला रांसचं खरं उत्पादन अशा हिशोबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतं, म्हणून आपणही एक तृतीयांश धरू. आप्पांना समजावं म्हणून मी उत्तर पंपांत काढलं. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की साधारण ३० युनिट लागतात.

मुंबईसारख्या भरतीत एक चौरस किलोमीटरमधून रोज सुमारे ५,८०० युनिट मिळतील. म्हणजे १९० च्या आसपास पंप.

खंभातसारख्या भरतीत तेवढ्याच जागेतून सुमारे ४२,००० युनिट. म्हणजे १,४०० पंप.

आणि तेवढ्याच, एक चौरस किलोमीटर जमिनीवर सोलर पॅनल लावले तर? एका मेगावॉटला पाचेक एकर जागा धरली तर ५० मेगावॉट बसतात आणि रोज साधारण २ लाख युनिट मिळतात. म्हणजे ६,६०० पंप, आणि तेही दिवसा.

हा शेवटचा आकडा आला तेव्हा मी हिशोब दोनदा तपासला. पाण्याची एवढी प्रचंड हालचाल आपल्याला दिसते, म्हणून वाटतं की वीजही प्रचंड असेल. पण पाणी पडतं फक्त दोन-तीन मीटरवरून. धरणाच्या जलविद्युत केंद्रात तेच पाणी कितीतरी मीटर पडतं.

बंधाऱ्याच्या पद्धतीसाठी सरासरी ५ मीटर तरी फरक हवा, असा इंजिनिअर लोकांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपला किनारा त्यात बसत नाही.

मग प्रवाहाची पद्धत? तिथे गणित वर्गाऐवजी घनाचं आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर एक चौरस मीटर पात्यातून साधारण २०० वॉट मिळतील, म्हणजे दोन-तीन पंखे. अडीच मीटर वेग असेल तर तेवढ्याच पात्यातून ३,००० वॉटच्या वर. म्हणून असे टर्बाइन अतिवेगवान सामुद्रधुनीतच लावतात. संथ खाडीत लावले तर फिरतील, पण खर्च निघणार नाही.

भारतात जागा कुठे आहे?

तीन नावं सतत येतात: खंभातचं आखात, कच्छचं आखात आणि बंगालमधलं सुंदरबन. खंभातमध्ये जास्तीत जास्त फरक ११ मीटरपर्यंत जातो, कच्छमध्ये ८ मीटरपर्यंत. सुंदरबनात सरासरी ३ मीटरच्या आत.

खंभातमध्येच एवढं पाणी का चढतं? कारण आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंड रुंद, आत चिंचोळं आणि उथळ. आत शिरलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही, मग ते वर चढतं. याच आखाताच्या किनाऱ्यावर अलंग आहे. तिथे जुनी जहाजं उधाणाच्या भरतीला थेट किनाऱ्यावर चढवतात. पाणी उतरलं की जहाज कोरड्यावर, मग तोडकाम सुरू. भरतीची ताकद बघायची असेल तर याहून मोठं उदाहरण नाही.

आणि आमच्यासाठी यात एक गंमत आहे. देवळा तालुक्यातून गिरणा वाहते. गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापी सुरतजवळ खंभातच्या आखाताकडे जाते. आमच्यापासून समुद्र सरळ रेषेतही दीडशे किलोमीटर लांब, पण आमच्या शिवारातून वाहून गेलेलं पाणी शेवटी देशातल्या सगळ्यात मोठ्या भरतीत मिसळतं.

पण ते पाणी एकटं जात नाही, गाळ घेऊन जातं. तापी, नर्मदा, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपापला गाळ याच आखातात आणून टाकतात. तिथे बंधारा बांधला तर गाळाचं काय करायचं, हा फार अवघड प्रश्न आहे.

१२ हजार मेगावॉट आले कुठून?

रीलमधला आकडा खोटा नव्हता, अर्धवट होता. पूर्वीच्या सरकारी अंदाजात देशाची भरतीची क्षमता ८ ते ९ हजार मेगावॉट सांगितली जायची, त्यात एकट्या खंभातचा वाटा ७ हजार. पुढे आयआयटी मद्रास आणि क्रिसिलच्या अभ्यासातून १२,४५५ मेगावॉटचा आकडा आला. पण ही "सैद्धांतिक" क्षमता आहे.

हे कांद्याच्या उदाहरणानं समजून घ्या. वावरात निघालेला सगळा कांदा उमराण्याच्या मार्केटला एका भावानं जात नाही. आधी सडका बाजूला, मग गोल्टी वेगळी, मग राहतो तो चांगला माल. इथेही तसंच. आधी निसर्गात किती ऊर्जा आहे, मग त्यातली किती यंत्रांनी पकडता येते, आणि शेवटी परवडेल अशा दरात किती मिळते. १२,४५५ हा वावरातल्या सगळ्या कांद्याचा आकडा आहे. मार्केटला अजून एक गोणीही गेलेली नाही. भरतीवर चालणारं एकही व्यावसायिक वीजकेंद्र भारतात आजवर उभं राहिलेलं नाही.

प्रयत्न झाले. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचं केंद्र ठरलं होतं. अंदाजे खर्च २३८ कोटी, म्हणजे एका मेगावॉटला ६३ कोटींच्या वर. ते गुंडाळलं गेलं. कच्छच्या आखातात ५० मेगावॉटचा प्रकल्प २०११ मध्ये जाहीर झाला. अंदाज ७५० कोटींचा, मेगावॉटला १५ कोटी. तोही झाला नाही. सोलर आज मेगावॉटला साधारण ४-५ कोटींत उभं राहतं. क्षमतेचा पूर्ण वापर दोन्हीकडे होत नाही, पाव हिस्सा किंवा त्याहून कमीच होतो. त्यामुळे तुलना फार बदलत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारनं समुद्री ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला, म्हणजे कागदावरचा एक अडथळा दूर झाला. किमतीचा अडथळा मात्र तसाच आहे.

खर्च सोडून बाकीच्या अडचणी

खारं पाणी लोखंड खातं. टर्बाइनवर शिंपले आणि शेवाळ चढतं. बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी बोट, क्रेन आणि शांत समुद्र, तिन्ही एकाच वेळी हवेत. आमच्या डीपीचा फ्यूज उडाला तर वायरमन यायला वेळ लागतो, इथे तर डीपीच समुद्राखाली!

निसर्गाचा प्रश्न त्याहून मोठा. ला रांस बांधताना खाडी तीन वर्षं समुद्रापासून तोडली होती. तिथलं बरंच जीवन संपलं आणि नव्यानं घडी बसायला दहाएक वर्षं गेली. कॅनडातलं ॲनापोलिस रॉयलचं २० मेगावॉटचं केंद्र १९८४ मध्ये सुरू झालं आणि २०१९ मध्ये बंद पडलं. टर्बाइनमध्ये माशांचे जीव जातात, हा तिथला मोठा आक्षेप होता.

आपल्याकडे असा बंधारा ठाण्याच्या खाडीवर घालायचा विचार करून बघा. ही खाडी रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही. दोन्ही बाजूंना कांदळवन, आणि भरतीच्या तालावर जाळं टाकणारे कोळी. बंधाऱ्यानं पाणी कधी आणि किती आत येणार हे बदलतं, म्हणजे मासळी बदलते आणि त्यांचा धंदाही बदलतो. आमची रात्रपाळी टळावी म्हणून त्यांची खाडी बंद करा, असं मी तरी म्हणू शकणार नाही. विशेषतः त्यातून चौरस किलोमीटरमागे जेमतेम दोनशे पंपांची वीज मिळणार असेल तर.

मग ही वीज बादच समजायची का?

नाही. ला रांससारखं केंद्र एकदा उभं राहिलं की इंधनाचा खर्च शून्य, आणि आयुष्य सोलर पॅनलच्या दुप्पट. ज्या बेटांवर डिझेल बोटीनं आणून जनरेटर चालवतात, तिथे जोरदार प्रवाह असेल तर महाग टर्बाइनही परवडू शकतं. सिह्वासारखी भिंत दुसऱ्या कारणासाठी बांधून झाली असेल, तर हिशोब बदलतो. आणि ज्या देशांत हिवाळ्यात ऊन मिळत नाही पण भरती-ओहोटी जोरदार असते, त्यांनी यावर पैसा लावणं समजण्यासारखं आहे. त्यांच्या अनुभवातून टर्बाइन स्वस्त झाले, तर पुढे कच्छ-खंभातलाही फायदा होईल.

पण आपल्याकडे ऊन आहे. शेतीला दिवसा वीज मिळण्याचा जवळचा रस्ता गावाजवळच्या सोलर प्रकल्पातून जातो. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, तो याच विचारातून. उपकेंद्राजवळ सोलर उभं करायचं आणि त्याची वीज दिवसा थेट शेतीच्या फीडरला द्यायची.

रील आली की हे चार प्रश्न विचारा

१. आकडा मेगावॉटचा आहे की वर्षाला मिळणाऱ्या युनिटचा? नुसत्या मेगावॉटवर विश्वास ठेवू नका.

२. त्या जागी भरती-ओहोटीत सरासरी किती मीटर फरक आहे? उधाणाचा सगळ्यात मोठा आकडा सांगत असतील तर सावध व्हा.

३. एका मेगावॉटला किती कोटी? आणि तेवढ्याच पैशात सोलरचे किती युनिट मिळतील?

४. त्या पाण्यावर आज कोणाचं पोट आहे?

हे चार प्रश्न फक्त भरतीला नाही, पुढे येणाऱ्या कुठल्याही "फुकट वीज" व्हिडिओला लागू पडतात.

चुलत भावाला हा सगळा हिशोब दाखवला. त्यानं रील डिलीट केली नाही, पण कमेंटमध्ये पहिला प्रश्न टाकला. उत्तर अजून आलेलं नाही. आप्पांना पंपांचा हिशोब सांगितला तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकला. एकशे नव्वद आणि सहा हजार सहाशे हे आकडे दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे समुद्राची वाट बघायची नाही. सोलरचं काय ते विचार." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत बसून आमच्या फीडरची चौकशी सुरू केली. त्या रात्री मात्र लाइट साडेअकरालाच आली, आणि बॅटरी धरायला मीही सोबत गेलो.